दार लावून थापलेली भाकरी

माझी पत्नी सौ. धुरपताबाई हिचे चरित्र लिहिण्याचे मी ठरविले, तेव्हा प्रथम तिची परवानगी मागितली. तिने दोन अटी घातल्या. तिला कोठेही बिचारी म्हणू नये, आणि जे घडले ते लिहावे. स्वतःला वाचविण्यासाठी काही झाकून ठेवू नये. पहिली अट पाळणे सोपे आहे, कारण तिला बिचारी म्हणण्याचे धाडस पेडगावात कोणी केल्याचे मला आठवत नाही. दुसऱ्या अटीत माझे थोडे नुकसान आहे. तरीही मी ती पाळत आहे.

धुरपताबाईचे माहेर मानवतच्या बाजूचे. लग्न होऊन ती पेडगावास आली, तेव्हा तिचे वय चौदा आणि माझे अठरा होते. कापूस वेचण्यात तिचा हात असा चाले की, शेजारच्या ओळीतील बाई थोड्याच वेळात मागे पडे, आणि मागे पडलेल्या बाईस ती पुढून एखादा टोमणा पाठवीत असे. हात आणि तोंड ही दोन्ही तिची एकाच वेगाने चालत. लोकांच्या नकला करणे ही तिची मोठी हौस. आमच्या शेजारी मनकर्णा राहते. तिच्या व आमच्या घरात एकच भिंत आहे. त्या नकला ऐकून मनकर्णा भिंतीपलीकडून हसत असे, आणि कित्येकदा नक्कल तिचीच असे.

आम्हांस दोन मुली. दोघींची लग्ने लवकर झाली आणि घरात आम्ही दोघेच उरलो.

१९७६ सालच्या हिवाळ्यात तिला हा आजार जडला. सकाळी उठल्यावर तिची बोटे मिटत नसत. दिवस कासराभर वर आल्यावर ती जरा हलू लागत. पुढे बोटांची पेरे सुजली, मग मनगटे, मग गुडघे. गावातील लोक त्यास वात म्हणत. तिने मात्र आपल्या प्रत्येक सांध्यास वेगळे नाव दिले. उजव्या अंगठ्यास ती तलाठी म्हणे, कारण कामाच्या वेळी तो कधीच हजर नसे. उजव्या गुडघ्याचे नाव तिने चतुराअक्का ठेवले. चतुराबाई ही माझी थोरली बहीण, झरीस दिलेली. तिचे येणे दोन दिवस आधीपासून जाणवते आणि ती गेल्यानंतरही चार दिवस घर ठणकत राहते, गुडघ्याचेही तसेच आहे, असे धुरपताबाईचे म्हणणे होते. मी तिला समज दिली की, नात्यातील वडीलधाऱ्या माणसाचे नाव गुडघ्यास देणे योग्य नव्हे. परंतु काही दिवसांनी मीही सकाळी उठून, आज चतुराअक्का कशी आहे, असे विचारू लागलो.

आठवडी बाजारात एक पुडीवाला वैद्य बसत असे. त्याच्या पुड्यांनी पंधरा दिवसांत चमत्कार घडविला. दुखणे पळाले. एवढेच नव्हे, तर धुरपताबाईचे गाल भरून आले आणि तोंड पुनवेच्या चंद्रासारखे गोल झाले. सारी गल्ली तिला पाहून सुखावली. अंगावर मांस दिसले म्हणजे बाई घरी सुखात आहे, असे आम्ही सर्वजण समजतो. मनकर्णेने मीठमोहऱ्या घेऊन तिची दृष्ट काढली. त्या वर्षी चतुराबाई येऊन गेली, तिनेही भावजय चांगली भरली म्हणून माझी पाठ थोपटली. मी अनेक महिने गर्वाने फिरत होतो.

हा गर्व सगुणाबाईंनी उतरविला. सगुणाबाई या आमच्या भागातील सरकारी नर्स. राहणार आमच्याच गावच्या बौद्ध वस्तीतील, वय तेव्हा तीसच्या आत. १९७८ सालच्या आरंभी त्या मुलांना लस टोचण्यास गल्लीत आल्या असता त्यांनी धुरपताबाईचे तोंड पाहिले. त्यांनी कौतुक केले नाही. त्या खाली बसल्या आणि तिच्या पायावर बोटाने दाबले. बोट काढल्यावर तेथे खळगा राहिला. मग त्यांनी पुडी मागितली, हुंगली, आणि दुसऱ्या दिवशी आम्हां दोघांना रेल्वेने परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेले.

तेथील डॉक्टरांनी जे सांगितले ते मी समजलो तसे लिहितो. शरीरात राखण करणारी एक शक्ती असते. या आजारात ती चुकून आपल्याच सांध्यांना परके समजते आणि त्यांच्यावर तुटून पडते. रोग मुळासकट जाणार नाही. पुडीत जालीम औषध असावे; तोंड गोल झाले ते त्याच्याच सुजेने. ते एकदम सोडल्यास जिवावर बेतेल, म्हणून ते त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे लागेल.

धुरपताबाईने हे सर्व लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, “म्हंजी राखनीची कुत्रीच घरच्याला चावायलीत. मारता येत न्हाईत का ती?”

डॉक्टर म्हणाले, “मारली तर चोर शिरतील, मावशी. आपण त्यांना जरा बांधून ठेवू.”

परतताना रेल्वेत माझे तोंड उतरलेले होते. कोठे दुसरा वैद्य आहे काय, कोठे देव आहे काय, असे मी सगुणाबाईंना विचारू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबविले. “मामा, आता रोग घालवायच्या मागं पळू नका. मामीचा दिवस हलका कसा जाईल ते बघा. तेवढं आपल्या हातात हाय.”

त्या दिवसापासून आमच्या घराची मांडणी बदलली. बाज फार खाली होती, तिच्या खुरांखाली मी विटा घातल्या, म्हणजे उठताना गुडघ्यांवर भार येऊ नये. पळीच्या व उलथन्याच्या दांड्यांना चिंध्या गुंडाळून ते जाड केले, कारण बारीक वस्तू तिच्या मुठीत ठरत नसे. सरकी तव्यावर गरम करून जाड कापडाच्या पुरचुंडीत बांधावी आणि सकाळी त्या पुरचुंडीने हात शेकावेत. शेकून झाल्यावर कोमट पाण्यात बोटे हळूहळू मिटावी व उघडावी. गोळ्या भरल्या पोटीच घ्याव्यात. निजताना मनगट सरळ राहावे म्हणून सगुणाबाईंनी बांबूच्या कामट्या व कापूस यांची पट्टी करून दिली. धुरपताबाई ती पट्टी दाखवून बायकांना सांगे की, नवऱ्याला मारू नये म्हणून सरकारने हात बांधून ठेवला आहे.

एवढे सर्व मी आनंदाने केले. अडचण शेवटच्या सूचनेने निर्माण झाली. सगुणाबाईंनी सांगितले की, यापुढे मामीने भाकरी थापायची नाही. मनगटावर रोज तेवढा जोर बसला, तर कामट्या बांधून काही उपयोग नाही. मी विचारले, मग भाकरी कोणी थापायची? सगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मागे वळून पाहिले. मागे फक्त आमची म्हैस बांधलेली होती.

त्या काळी आमच्या गावात, घरात बायको असताना पुरुषाने भाकरी थापणे ही गोष्ट कोणी ऐकलेली नव्हती. पुरुष हुरडा भाजीत असे, रानात वांग्याचे भरीत करी, पण काठवटीसमोर बसत नसे. पारावर हे कळले असते, तर मला त्या पारावर बसणे कठीण झाले असते. म्हणून आम्ही स्वयंपाकघराचे दार लावून घेतले. आत कापसाच्या पऱ्हाट्यांचा धूर, बाहेर माझी अब्रू, आणि मध्ये धुरपताबाई पाटावर बसून हुकूम सोडीत आहे, असा तो वर्ग सुरू झाला.

पहिली भाकरी काठवटीतून उचलताना तिचे तीन तुकडे झाले. धुरपताबाई आजही सर्वांना सांगते की, ती म्हशीला घातली तेव्हा म्हशीने हुंगून तोंड फिरविले. हे खोटे आहे. म्हशीने अर्धी खाल्ली.

महिनाभराने माझी भाकरी तव्यावर फुगू लागली. माझ्या हातास एक विचित्र सवय मात्र होती. थापून झाल्यावर मी करंगळीने भाकरीच्या कडेला दाबत जाई, त्यामुळे सभोवार बारीक खळ्या पडत. धुरपताबाई म्हणे, असले खूळ तिच्या माहेरी नाही आणि तिने मला शिकविलेले नाही. ती सवय मला कोठून लागली हे मला सांगता येईना, आणि ती सुटेना.

पुढे मनकर्णेने पंचाईत केली. भिंतीपलीकडून तिने एक दिवस विचारले, “धुरपते, थापायचा आवाज येतोय, पन काकणं कशी वाजंनात?” सूज आल्यामुळे धुरपताबाईच्या हातातील बहुतेक बांगड्या काढून ठेविल्या होत्या. तिने तसे सरळ सांगितले असते तरी चालले असते. परंतु सरळ मार्ग तिला कधीच रुचत नाही. तिने तत्काळ उत्तर दिले की, मनकर्णेच्या कानात मळ झाला असेल, आणि दुसऱ्या दिवशी काढलेल्या सहा हिरव्या बांगड्या सुतळीत ओवून माझ्या उजव्या मनगटास बांधल्या. मी विरोध केला. ती म्हणाली की, खोटे करायचे तर नीट करावे. तेव्हापासून मी भाकरी थापताना बांगड्या वाजत, आणि मनकर्णेचे समाधान होई.

त्याच वर्षी पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाडा पेटला. त्या दिवसांविषयी मी हसून लिहू शकत नाही. सगुणाबाईंच्या वस्तीतील माणसे हल्ल्याच्या भीतीने पाळीपाळीने जागत. पंधरा दिवस त्या आमच्याकडे आल्या नाहीत, आणि मी त्यांच्याकडे गेलो नाही. हे दुसरे वाक्य लिहिताना मला लाज वाटते. सोळाव्या दिवशी त्या आल्या आणि नेहमीप्रमाणे गुडघ्यांची विचारपूस करू लागल्या. धुरपताबाईने त्यांचा हात धरला. ज्या हाताने तांब्या धरवत नव्हता त्या हाताने धरला. ती म्हणाली, “माजं ऱ्हाऊ द्या. तुमचं घर उभं हाय का, ते सांगा आदी.” घर उभे होते. सगुणाबाईंनी मान हलविली, आणि मग दोघी बराच वेळ गुडघ्यांविषयीच बोलल्या.

पुड्या पूर्ण सुटल्यावर धुरपताबाईचे तोंड पुन्हा पूर्वीसारखे बारीक झाले. डॉक्टरांच्या दृष्टीने ही प्रगती होती. गावाच्या दृष्टीने बाई आता जाणार होती. ही बातमी झरीस पोहोचली, आणि १९७९ च्या डिसेंबरात चतुराबाई एस.टी.ने आमच्या दारात उतरली.

चतुराबाईविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आमची आई वारली तेव्हा मी नऊ वर्षांचा आणि चतुराबाई चौदा वर्षांची होती. लग्न होऊन जाईपर्यंत तीन वर्षे तिने मला रांधून वाढले. मी चुलीजवळ बसून राही आणि ती भाकरी करी. त्यामुळे तिने सांगितलेली गोष्ट मी आयुष्यात कधी नाकारली नव्हती. धुरपताबाईस हे ठाऊक होते. म्हणूनच बहिणीने आल्या दिवशी जे काढले, ते धुरपताबाईने प्रथमच थट्टेवारी नेले नाही.

चतुराबाईने झरीत एक बाई पाहून ठेविली होती. नवऱ्याने टाकलेली, तिशीची, हातापायाने धड. तिच्याशी मी पाट लावावा, असे तिचे म्हणणे होते. ती मला म्हणाली, “लिंबा, दुसरी बायको कर म्हनंत न्हाई मी. भाकर करनारीन आन म्हनते. हिचे हात गेले. लेकी आपापल्या घरी. उद्या तुला कोन घालील?”

मी खाली पाहत राहिलो. नाही म्हणणे मला जमले नाही. धुरपताबाईने माझ्याकडे पाहिले आणि मग स्वतःच बोलली.

“अक्का, भाकरी तर मीच करते. चार दिस ऱ्हावा, माज्या हातचं खावा. हात गेले असतील तर मग आना तिला.”

चतुराबाईने हे मान्य केले. अशा रीतीने धुरपताबाईचा संसार माझ्या थापण्यावर येऊन ठेपला.

योजना तिचीच होती. स्वयंपाकाच्या वेळी मी कुऱ्हाड खांद्यावर टाकून पुढच्या दाराने सर्वांसमक्ष रानात जावे, घरास वळसा घालून, परसाचे दार करकरते म्हणून, परसाची भिंत उतरावी आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरावे. पुढचे दार लावण्याचे कारण म्हणून, गार वारा सांध्यांना लागू द्यायचा नाही, असा नर्सबाईंचा हुकूम आहे, असे सांगावे. हा हुकूम खरा होता; केवळ तो स्वयंपाकाच्याच वेळी इतक्या काटेकोरपणे पाळला जात असे. बांगड्यांची सुतळी पिठाच्या डब्यात ठेविली.

आत बसल्यावर धुरपताबाई मोठ्याने बोलू लागे, म्हणजे ओसरीवर बसलेल्या नणंदेस खात्री पटावी. आज पीठ चिकट आहे, पऱ्हाट्या ओल्या आहेत, येथपर्यंत ठीक होते. परंतु मला उत्तर देता येत नाही हे ध्यानात येताच तिने संधी साधली. आपला नवरा रानात जातो म्हणजे बांधावर झोपतो, लग्नात त्याने उसना फेटा बांधला होता, त्याच्या घोरण्याने म्हैस दूध चोरते, असे पंचवीस वर्षांतील सर्व काही तिने त्या दिवसांत मोठ्याने सांगितले. मी थापीत होतो. बांगड्या वाजत होत्या.

पहिल्याच जेवणाच्या वेळी चतुराबाईने भाकरी हातात घेतली, उलटी केली आणि कड पाहिली. दोन घास खाल्ल्यावर तिने आणखी एक भाकरी मागितली. मला वाटले, जिंकलो.

चौथ्या दिवशी तिने गाठोडे बांधले. त्याच सकाळी कळले की, नामांतराच्या आंदोलनामुळे एस.टी. गाड्या बंद आहेत. पेडगावास रेल्वे आहे, परंतु झरीस रेल्वे जात नाही. परभणीस उतरून ती करणार काय? गाठोडे पुन्हा सुटले. पुढील किती दिवस हे चालावयाचे ते कोणासच सांगता येईना.

येथून चतुराबाईची वागणूक बदलली, आणि तिचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही. तिची भूक वाढली. दुपारी ती चार भाकऱ्या खाऊ लागली. पाचव्या दिवशी तिने मनकर्णेस जेवावयास बोलाविले आणि बंद दाराकडे तोंड करून सांगितले की, आज पंधरा भाकऱ्या लागतील. बाराव्या भाकरीस माझे खांदे भरून आले. धुरपताबाई माझ्या कानाशी कुजबुजली की, एवढ्यात दमता, आणि मी वीस वर्षे करीत होते. मी तेरावी थापावयास घेतली.

सहाव्या दिवशी सकाळी आणखी एक प्रमाद माझ्या हातून घडला. नित्याच्या सवयीने मी बाजेजवळ जाऊन विचारले की, चतुराअक्काची सूज उतरली काय. चतुराबाई ओसरीवरच होती.

“मला कशाची सूज?” तिने विचारले.

धुरपताबाई क्षणभरही न थांबता म्हणाली की, आपल्या बहिणीचे पाय प्रवासाने सुजले असतील, अशी यांना फार काळजी लागली आहे. चतुराबाईने आपले पाय पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि ती पदराआड हसली, असे मला आज वाटते.

त्याच दिवशी स्वयंपाक आटोपल्यावर मी घाईने परसाची भिंत चढलो. पलीकडे उडी मारली. भिंतीच्या पलीकडे, नेमक्या त्याच जागी, ऊन खात चतुराबाई बसलेली होती. माझ्या कोपरापर्यंत पीठ होते. कुऱ्हाड आतच राहिली होती. आणि हात झटकताच सहा हिरव्या बांगड्या वाजल्या. सुतळी सोडण्याचे मी विसरलो होतो.

चतुराबाईने माझे मनगट धरून नीट पाहिले. मग ती म्हणाली, “उजव्या हातात भरल्यास, लिंबा. डाव्या हातानं काय पाप केलं?”

मी तेथेच बसलो. माझ्या मनात एकच विचार आला की, आता झरीची बाई येणार, आणि ती येण्यास कारण मी. कारण योग्य वेळी मी नाही म्हटले नाही, आणि आता म्हणण्यास माझ्याकडे तोंड उरले नाही. तरी मी बोललो. मान वर करून मी सांगितले, “अक्का, भाकरी मी करतो. दोन वर्षं करायलोय. पाट लावनार न्हाई मी.”

बहिणीस मी नाही म्हणालो, तो हा पहिला प्रसंग. बांगड्या घातलेल्या अवस्थेत म्हणालो, हेही लिहितो.

ती उठली आणि परसाच्या दाराने आत शिरून स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेलो. धुरपताबाई पाटावर बसून होती. तिला सर्व ऐकू आले होते. चतुराबाईने विचारले, “नवऱ्याला भाकरी थापायला लावतीस. लाज न्हाई वाटत?”

“वाटती की, अक्का,” धुरपताबाई म्हणाली. “म्हनून तर दार लावते.”

चतुराबाई टोपल्याजवळ बसली. वरची भाकरी उचलून तिने तिची कड आम्हां दोघांस दाखविली. करंगळीच्या खळ्या सभोवार होत्या. मग तिने आपली करंगळी एका खळीत ठेविली.

“ही माजी भाकर हाय. मी आशीच करीत हुते. पहिल्या दिशी घास तोंडात घातला आन् मला कळलं, ही कुनी थापली ते. चुलीपाशी बसून नुसतं बघत हुतास, तर वाटायचं पोरगं भुकेलं हाय.”

 सहा दिवस आम्ही तिला फसवीत आहोत, असे आम्हांस वाटत होते, आणि सहा दिवस ती आम्हांस नाचवीत होती. पंधरा भाकऱ्या तिने का मागितल्या, हे त्या क्षणी माझ्या खांद्यांस समजले. मी तिला विचारले की, कळले होते तर पहिल्याच दिवशी का बोलली नाही. ती म्हणाली की, कंटाळून सोडतोस की टिकतोस, ते पाहावयाचे होते.

धुरपताबाईने विचारले, “मग त्या बाईचं काय, अक्का?”

“तिला सांगावा धाडते,” चतुराबाई म्हणाली, “की आमच्या घरी भाकर करनारीन हाय. हातात काकणंबी हायेत.”

असे म्हणून तिने उठून पुढचे दार सताड उघडले आणि भिंतीपलीकडे मनकर्णेस हाक दिली की, माझ्या भावाच्या हातची भाकरी खाण्यास ये, ती मी शिकविलेली आहे. मी बांगड्या सोडण्याची धडपड करीत होतो, परंतु ओली सुतळी सुटेना, आणि धुरपताबाईची बोटे गाठ सोडण्याजोगी नव्हती. मनकर्णा आली तेव्हा मी तसाच उभा होतो.

गावाने दोन महिने हसून घेतले. पारावर मी गेलो की कोणीतरी पीठ आहे का म्हणून विचारी. मी त्यांस सांगे की, आहे, या. त्यानंतर हळूहळू हसणे कमी झाले, कारण स्वयंपाकघराचे दार उघडेच असे, आणि उघड्या दारातील गोष्ट फार काळ कोणी पाहत बसत नाही. धूर कमी झाला, हा आणखी एक लाभ. पुढे एका शेतकऱ्याची आई असेच सांधे धरून पडली, तेव्हा तो परसाच्या दाराने मला विचारावयास आला की, पीठ किती गरम पाण्यात मळावे. मी त्यास पुढच्या दाराने येण्यास सांगितले.

चतुराबाईची एस.टी. आठव्या दिवशी सुटली. जाताना तिने शिदोरीस सहा भाकऱ्या मागितल्या आणि त्या मीच कराव्यात, असे बजावले. गाडीत शेजारच्या बाईने विचारले, तेव्हा तिने त्या भावजयीने केल्या असे सांगितले, असे नंतर कळले. तिने असे का सांगितले हे मी तिला विचारले नाही.

धुरपताबाईचा आजार आजही आहे. बोटे आता वाकडी झाली आहेत. काही दिवस बरे जातात, काही दिवस ती बाजेवरून उठत नाही आणि तिच्या केसांस तेलही मी लावतो. वेणी मला नीट येत नाही. सगुणाबाई आता वरिष्ठ नर्स झाल्या आहेत, तरी महिन्यातून एकदा येतात, कामट्यांची पट्टी बदलतात, गोळ्या पाहतात. या वर्षी, १९९४ च्या संक्रांतीस, विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला त्या दिवशी, त्यांच्या वस्तीत पेढे वाटले गेले. त्या आमच्याकडेही पुडा घेऊन आल्या. मी त्यांच्यासाठी आदल्या दिवशीच्या, भोगीच्या, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या बांधून ठेविल्या होत्या. सगुणाबाईंनी कड पाहून विचारले की, या खळ्या कशाच्या. धुरपताबाईने सांगितले की, हा झरीचा शिक्का आहे.

सांध्यांच्या नावांविषयी एक बदल नोंदवितो. चतुराबाई परत गेल्यानंतर धुरपताबाईने उजव्या गुडघ्याचे ते नाव काढून घेतले. एवढ्या वर्षांत तिचा डावा खांदा तेवढा कधी दुखला नाही. आता चतुराअक्का म्हणजे तो. गुडघ्यास माझे नाव दिले आहे. त्याचे कारण तिने मला अद्याप सांगितलेले नाही.